टबासाठी वेगळी लाईन

नोकरीतली सगळी वर्षं मी बाहेरून आलेला माल तपासण्याचं काम केलं. सरकारी कारखाना, आणि मी गुणवत्ता विभागात. पेटी उघडायची, वरचे चार नग बाजूला ठेवायचे आणि तळातला नग आधी हातात घ्यायचा. वरचे चार चांगलेच असणार हे पुरवठादाराला ठाऊक असायचं, आणि मलाही. निवृत्त झाले तरी ती सवय काही गेली नाही. आजही टोमॅटो मी ढिगाच्या तळातून काढते आणि भाजीवाली माझ्याकडे बघत राहते. नवरा म्हणतो, तू माणसंसुद्धा अशीच उचलून बघतेस.

तो कॉलेजात गणित शिकवायचा. आम्ही वर्गमित्र होतो, त्यामुळे लग्नानंतरही एकमेकांना अरे-तुरेच राहिलं. पुणं सोडून बंगळूरला आलो, बसवनगुडीत छोटं घर घेतलं आणि इथलेच होऊन गेलो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेतली कळ गेली, पण डावं पाऊल बधिर झालं. चालताना चप्पल मागे राहायची आणि त्याला पत्ताच नसायचा. तो चार पावलं पुढे, मी मागून चप्पल उचलून आणणार, असं आमचं फिरणं. फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलं, गरम पाण्यात बसून व्यायाम करा, पाठीचे स्नायू सैल होतील. पावलाबद्दल तिने काहीच कबूल केलं नव्हतं. तो मात्र पाऊल बरं होणार असंच ऐकून घरी आला.

मग त्याने फोनवर एक जाहिरात शोधून काढली. व्हाइटफील्डच्या बाजूला एक कुटुंब बंगला सोडून परदेशी चाललं होतं, त्यांना गरम पाण्याचा टब विकायचा होता. चौघे बसतील एवढा, आत पाणी तापवायचा हीटर, पाणी फिरवायला पंप.

"चांगला चालणारा टब कोणी असा काढून टाकतं का?" मी विचारलं.

"मग काय विमानात मांडीवर घेऊन जाणार?" तो म्हणाला.

टब आला. आमच्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली, ग्रॅनाइटच्या फरशीवर बसला. बंगल्यात ज्याने तो सांभाळला होता तोच टबवाला के. आर. पुरमहून येऊन जोडून देणार होता. पण त्याआधी विजेची सोय आम्ही करायची होती, कारण हीटर आमच्या साध्या प्लगवर चालण्यातला नव्हता.

गल्लीच्या टोकाला हार्डवेअरचं दुकान आहे. तिथल्या मालकाने एका इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं आणि हसून म्हणाला, तुमच्याच भाषेचा माणूस आहे. मला तेव्हाच खटकलं. कामाची ओळख सांगायची सोडून भाषेची का सांगतो?

माणूस साठीचा असेल. बारीक, कानात पेन्सिल खोचलेली, हातात जुनी कातडी पिशवी. घर इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगरला. "आमचे पणजोबा इकडे आले हो अक्का," तो म्हणाला, "घरात अजून मराठीच." त्याच्या मराठीत मध्येच कन्नडातलं 'स्वल्प' यायचं, 'बरं'च्या जागी 'सरी' यायचं. माझ्याच वयाचा असून पहिल्या मिनिटाला अक्का म्हणाला, हेही मी मनात टिपून ठेवलं. गोड बोलणारे पुरवठादार मी पुष्कळ पाहिले होते.

त्याने मीटरपासून अंगणापर्यंत सगळं बघितलं, टबाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मीटरपासून वेगळी लाईन ओढायची. टबासाठी वेगळा स्विचचा डबा. डबा टबापासून लांब लावायचा. आत बसलेल्या माणसाचा हात पोचता कामा नये, पण डोळ्याला दिसला पाहिजे. आणि डब्यात ईएलसीबी पाहिजेच."

"साधा एमसीबी का नको?"

मी विचारलं म्हणून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. तोवर तो नवऱ्याकडे बघून बोलत होता. "साधा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, अक्का. माणूस वाचवायचं काम त्याचं नाही. हा ईएलसीबी दोन्ही तारा मोजतो. एका तारेने गेला तेवढा करंट दुसऱ्या तारेने परत आला पाहिजे. तीस मिलिअँपिअर जरी कुठे दुसरीकडे पळाला, पाण्यातून, माणसातून, की हा पडतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत."

बोलणं बरोबर होतं. त्यामुळेच माझा संशय वाढला. सगळं बरोबर बोलणारा माणूस शेवटी एखादी जास्तीची गोष्ट गळ्यात मारतो. ती जास्तीची गोष्ट लगेच आलीच.

"आणि अर्थिंग नवीन करायला लागेल. खड्डा खणून."

"घराला अर्थिंग आहे."

"आहे, पण जीव नाही त्याच्यात." त्याने पिशवीतून बल्ब लावलेला एक होल्डर काढला, त्याला दोन तारा होत्या. एक तार लाईनला, दुसरी घराच्या अर्थिंगला. बल्ब अगदी मलूल पेटला, आतली तार नुसती लाल झाली. "हा फुल पेटला पाहिजे," तो म्हणाला. "जमीन कोरडी झालीय खाली. पाईप गंजला असेल."

मी पाच मिनिटांपूर्वी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले होते. तेवढ्यात याने अर्थिंगचा नट सैल केला नसेल कशावरून? मी एवढंच म्हणाले, "खड्ड्याचं नंतर बघू. आधी लाईन आणि डबा करा."

त्याने होल्डर पिशवीत ठेवला. "सरी," म्हणाला. "पण टब सुरू करायच्या आधी करा."

दोन दिवस त्याने काम केलं आणि मी खुर्ची टाकून समोर बसले. तारेची जाडी मी वेष्टनावर वाचली. पाईपचे क्लॅम्प मोजले. त्याने डबा आणला तेव्हा मी तो उजेडात धरला. डबा नवा होता, पण आतल्या ईएलसीबीच्या स्क्रूंवर बारीक ओरखडे होते. कोणीतरी आधी पिळलेले स्क्रू. माझ्या नोकरीत एवढ्यावर अख्खी खेप परत गेली असती. मी ते वहीत लिहून ठेवलं. काम संपल्यावर त्याने मला त्यावरचं टेस्टचं बटण दाबायला लावलं. खट्कन आवाज झाला, खटका खाली पडला. "हे महिन्यातून एकदा दाबायचं, अक्का. नाही पडला तर मला बोलवायचं."

मग टबवाला आला. तरणाबांड, गळ्यात ब्लूटूथ, हिंदीत बोलणारा. त्याने पाइप जोडले, टब भरला, पंप सुरू केला. पाणी गरगरू लागलं. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून लहान मुलासारखा उभा होता. टबवाल्याने हीटर लावला, लाल दिवा लागला आणि दोनेक मिनिटांत डब्यात खट्कन आवाज. सगळं बंद.

पुन्हा लावला. पुन्हा खट्.

त्या दिवशी असं सहा वेळा झालं. "मॅडम, ये डब्बाही खराब है," टबवाला म्हणाला. "बंगले में इतने साल चला, कभी कुछ नहीं हुआ."

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. त्याने टबाची तार सोडवली, डब्याला आपला ड्रिल जोडला, तो व्यवस्थित चालला. नुसता पंप जोडला, तोही चालला. हीटर लावला की डब्यातला खटका पडायचा. "डबा बरोबर आहे, अक्का. हीटरमधून लीकेज आहे. त्याला सांगा हीटर बाहेर काढून दाखव."

टबवाला फोनवर म्हणाला, हीटर सीलबंद असतो, उघडायचा नसतो, तुमच्या इलेक्ट्रिशियनने डुप्लिकेट माल लावलाय.

म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होता. आणि माझ्याकडे पुरावा कोणाविरुद्ध होता? ओरखडे पडलेले स्क्रू, मी आत जाऊन आल्यानंतरचा मलूल बल्ब, पहिल्या मिनिटाचं 'अक्का'. टबवाल्याविरुद्ध माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण त्याच्याकडे मी नीट बघितलंच नव्हतं. तो मला मॅडम म्हणत होता आणि माझ्याशी गोड बोलायची त्याला काही गरज पडत नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही.

नवरा रोज सकाळी अंगणात जाऊन गार पाण्यात बोटं बुडवून यायचा. "कोणाचं तरी एकाचं ऐक ना," तो म्हणाला. "तुमच्या तिघांच्या भांडणात माझे पाय म्हातारे होतील."

चौथ्या दिवशी टबवाला परत आला. पाच मिनिटांचं काम, म्हणाला. ईएलसीबीच्या दोन्ही तारा सोडवून त्याने शेजारी एक साधा एमसीबी बसवला आणि लाईन त्यातून फिरवली. मी शेजारीच उभी होते. तो काय करतोय हे मला पूर्ण कळत होतं. "सब जगह ऐसेही चलता है, मॅडम," तो म्हणाला. ज्या बाईने नोकरीत तपासणी न झालेला एक नगही पुढे जाऊ दिला नव्हता, तिने मान डोलावली.

टब चालला. एकदाही खटका न पडता चालला. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, माझा संशय खरा निघाला, डबाच खराब होता.

नवरा दुपारी चार वाजता पाण्यात उतरायचा आणि तासभर बसायचा. टबाच्या आत एका बाजूला स्टीलची जाळी होती, तिच्यातून तापलेलं पाणी यायचं. त्या जाळीवर पाय टेकवून तो डोळे मिटायचा. दुसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली. हाक अशी होती की मी कणकेच्या हातानेच धावले.

"मुंग्या येताहेत," तो म्हणाला. "डाव्या पावलात. तळव्यापर्यंत."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पिठाच्या हातानेच त्याचं डोकं धरलं. ऑपरेशननंतरच्या दोन वर्षांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं. रात्री जेवताना तो बोलतच राहिला. मज्जातंतू जागे होताना आधी मुंग्याच येतात म्हणे, त्याने वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी परत मुंग्या. चौथ्या दिवशीही. फिजिओथेरपीवाल्या मुलीला फोन करायला तो निघाला होता. मी म्हटलं, आठवडाभर थांब.

का थांबवलं हे मलाच नीट सांगता येत नव्हतं. चांगली बातमी सलग तीन दिवस आली की मी तळातला नग शोधायला लागते. पलंगावर झोपल्यावर मुंग्या का येत नाहीत? सकाळी मी गरम पाण्याच्या बादलीत त्याचे पाय बुडवून बघितले, तेव्हा का आल्या नाहीत?

पाचव्या दिवशी दुपारी मी भाजी निवडायचं निमित्त करून अंगणातच बसले. टबाचा लाल दिवा लागत होता, विझत होता. पाणी तापलं की हीटर बंद, निवलं की परत चालू. दिवा विझलेला असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्ता येताहेत?"

"आत्ता नाहीत. मध्ये मध्ये येतात."

दिवा लागला. मी शेंगांच्या शिरा काढत राहिले. मिनिटभराने तोच म्हणाला, "हं, आल्या."

असं तीनदा झालं. दिवा लागला की मुंग्या, विझला की नाही. मी आवाज साधा ठेवला. "उजव्या पायाला काही वाटतं का?"

त्याने दोन्ही पाय जाळीवर टेकवून बघितलं. "उजव्यालाही थोडं वाटतंय. गंमतच आहे."

उजवं पाऊल चांगलं होतं. त्यात जागं व्हायला काही निजलेलं नव्हतं.

मी उठले. सकाळी नारळ खवताना माझ्या बोटाला खरचटलं होतं. अनवाणी होते, फरशी ओली होती. ते बोट मी पाण्याला नुसतं टेकवलं. मुंगी चावावी तसं झालं, आणि ते कोपरापर्यंत चढलं. मी धावत घरात गेले आणि मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला. पंखे, फ्रिज, टब, सगळं गप्प झालं. मग बाहेर येऊन म्हणाले, "बाहेर ये."

"का? काय झालं?"

"आधी बाहेर ये. काठाला हात लावून, हळू."

तो टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसला आणि मी त्याला सांगितलं. पाण्यात वीज उतरतेय. हीटर फुटका आहे. ज्या मुंग्या तुला येत होत्या त्या विजेच्या होत्या. मी जेवढ्या सरळ शब्दांत सांगता येईल तेवढ्या सांगितलं, आणि त्याचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला.

"तुला कसं माहीत?" तो म्हणाला. "तू माझं पाऊल आहेस का?"

"उजव्यालाही येत होत्या, तूच म्हणालास."

"मेन चालू कर. मी परत बसून बघतो."

"वेडा झालास का?"

"सगळ्यांवर संशय घेतलास," तो म्हणाला, "आता माझ्या पायावरही घे." आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्यासमोर दार लावलेलं ते पहिलंच.

मी इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो संध्याकाळच्या आत आला. त्याने डबा उघडला, सोडवलेल्या तारा पाहिल्या, शेजारचा एमसीबी पाहिला. मग विचारलं, "कोणी केलं?"

टबवाल्याचं नाव ओठांवर आलं होतं. "मी करू दिलं," मी म्हणाले.

"सर बसत होते यात?"

"चार दिवस. आज पाचवा."

त्याने कपाळाला हात लावला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने पिशवीतून मेगर काढला, तारांमधली गळती तपासायचं ते यंत्र, आणि हीटरच्या तारांना लावला. काटा शून्यावर पडून राहिला, म्हणजे हीटर पुरता गळत होता. मग त्याने पाणी सोडून दिलं आणि हीटर बाहेर काढला. सीलबंद वगैरे काही नव्हता, चार बोल्ट होते. दांडीवर क्षाराची पांढरी पुटं चढली होती आणि वाकणाजवळ केसाएवढी चीर. त्याने नखाने दाखवली, तरीही मी चष्मा लावून, उजेडात नेऊन स्वतः पाहिली.

"घराची अर्थिंग चांगली असती तर बराच करंट जमिनीत गेला असता," तो म्हणाला. "ती नव्हती, म्हणून पाण्यातच राहत होता. थोडक्यात वाचलं, अक्का. चीर अजून उघडली असती तर..." 

मला राहवलं नाही. मी त्याला स्क्रूंवरच्या ओरखड्यांबद्दल विचारलं. डबा जुना होता का? आणि त्या दिवशी मी आत गेले तेव्हा अर्थिंगचा नट सैल केला होता का, हेही विचारून टाकलं. एकदा विचारायचंच तर सगळं.

तो आधी चकित झाला, मग हसला, दात दिसेपर्यंत. "नट तुम्हीच पान्याने बघा, गंजून बसलाय, मला हालवता येत नाही. आणि स्क्रू? ते मी घरी पिळले. पेठेतल्या दुकानातून आणलेला एक पण डबा मी तसाच लावत नाही, अक्का. घरी नेतो, उघडतो, चालवून बघतो, ते काम माझ्या पोराकडे पण देत नाही. कोणावर ठेवायचा भरवसा?"

मी त्याला चहा दिला. पान्याने नटही बघितला. हालला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने अंगणाच्या कोपऱ्यात माझ्या गळ्यापर्यंत येईल एवढा खोल खड्डा खणवला. पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थर देऊन भरलं, वरून पाणी ओतलं. बल्ब लावून दाखवला तेव्हा तो इतका लख्ख पेटला की मी डोळ्यांवर हात धरला. टबवाल्याने माझे फोन उचलणं बंद केलं होतं. नवा हीटर इलेक्ट्रिशियननेच शोधून आणला, आणि माझ्यासमोर उघडून, पाण्याच्या बादलीत बुडवून, मेगरने तपासून मगच बसवला. लाईन परत ईएलसीबीतून गेली. दिवसभर टब चालू ठेवला. खटका जागचा हालला नाही.

नवरा मात्र तीन आठवडे पाण्यात उतरला नाही. अंगणात यायचा, कपडे वाळत घालायचा, टबाकडे बघायचाही नाही. माझ्याशी बोलायचा, पण दूधवाल्याशी बोलावं तसं. एका रविवारी जेवून उठताना म्हणाला, "मला ठाऊक आहे तू बरोबर होतीस. पण ते चार दिवस माझे चांगले गेले होते." मी ताटं उचलत होते. खोटं बोलून त्याला बरं वाटवणं मला जमलं नसतं, म्हणून ती घेऊन मी आत गेले.

मग एके दिवशी दुपारी पंपाचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहिलं तर तो पाण्यात होता, पाय जाळीवर. मी दारातच थांबले. त्याने डोळे न उघडता सांगितलं, "काही नाही. नुसतं गरम." तो रोज बसायला लागला. पाठ खरोखरच सैल झाली, जिना चढताना कठडा धरणं थांबलं, आणि आम्ही बाजारापर्यंत जाऊन परत यायला लागलो.

परवा फिजिओथेरपीवाली मुलगी घरी आली होती. तिने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि डाव्या पावलावर ठिकठिकाणी पेनाचं टोक टेकवलं. टाचेला, मध्ये, कडेला. तो नाही म्हणत गेला. अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं तेव्हा तो म्हणाला, "इथे. इथे कळतंय थोडं." मुलगी खूश झाली आणि तिने कागदावर लिहून घेतलं.

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. तिथून त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. त्याचे डोळे खरंच मिटलेले होते का, हे मी तिला विचारलं नाही.